अपुरिमाक नदी कुठून कुठे जाते? ती आणि अ‍ॅमेझॉन एकच का?

हो, एकच. वाटेत नाव चार वेळा बदलतं, एवढंच.

दक्षिण पेरूत मिस्मी नावाचा ५,५९७ मीटर उंच डोंगर आहे, तिथे तिचा उगम. पॅसिफिक तिथून जेमतेम दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर, पण पाणी त्याच्याकडे पाठ करून अटलांटिकला निघतं. आपल्या कृष्णेचं तेच, अरबी समुद्र उशाशी आणि जाते बंगालच्या उपसागराला. पुढे मान्तारो मिळाली की तिला एने म्हणतात, पेरेने मिळाली की ताम्बो, उरुबांबा मिळाली की उकायाली, आणि मारान्योन मिळाल्यावर अ‍ॅमेझॉन.

माझा थोरला भाऊ हे मानत नाही. मारान्योनला पाणी जास्त, म्हणून खरी अ‍ॅमेझॉन तीच. अपुरिमाकचं तर नावच वेगळं, असं तो वर्षानुवर्षं ऐकवतोय. लग्नात माझं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. मी दुसरी झाले का?

चोकेकिराओ या इंकांच्या जुन्या नगरीच्या अवशेषांकडे जाणाऱ्या वाटेवर मी ती पाहिली. कापुलियोकच्या कड्यावरून नदी म्हणजे तळाशी पडलेला दोरा, आवाज अजिबात नाही. मग जवळजवळ दीड किलोमीटर खोल उतार, तापलेली धूळ, थरथरणारे गुडघे. अर्ध्यावर एका वळणाशी खेचरवाला थांबला आणि त्याने कानाकडे बोट नेलं. खालून घुमल्यासारखं काहीतरी येत होतं. पुढच्या वळणावर बंद, त्याच्या पुढच्यावर परत सुरू. केचुआत, म्हणजे इंकांच्या भाषेत, आपु म्हणजे डोंगराचा देव आणि रिमाक म्हणजे बोलणारा. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसा इंका तिच्या काठी लावत. रात्री नदीकाठच्या प्लाया रोसालिनाला तंबूत आडवी झाले, तर तो आवाज जमिनीतून पाठीला लागत होता. इतकं बोलणारी नदी कुणाची तरी उपनदी म्हणून सोडून द्यायची, हे मला पटत नाही.

एक राहिलं. मी खरा धरते तो सर्वात लांबचा उगम. मान्तारोचा उगम अपुरिमाकच्या उगमाहूनही लांब आहे, असं २०१४ मध्ये काही संशोधकांनी मांडलं. पण धरणामुळे तिचं पात्र वर्षातले काही महिने एका टप्प्यात कोरडं असतं, म्हणून मी तिला धरत नाही. आणि पाणी मारान्योनलाच जास्त, तेवढं दादाचं बरोबर आहे.

जायचं तर मे ते सप्टेंबरमध्ये जा. आणि घरात कुणी ‘नाव वेगळं, नदी वेगळी’ म्हणालं, तर नकाशात एनेवर बोट ठेवून विचारा, हे पाणी आलं कुठून?