वाचकांचे प्रश्न : बेस गिटार पिकने वाजवावी की बोटांनी?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेल्या वर्षापासून बेस गिटार शिकतो आहे. आमचे सर बोटांनीच वाजवायला लावतात. गिटार न जमलेले लोकच बेसवर पिक (तार छेडायची छोटी चपटी पट्टी) वापरतात, असे ते म्हणतात. आमच्या बँडमधल्या ड्रमरची तक्रार अशी, की माझा बेस ऐकूच येत नाही, तेव्हा मी पिक घ्यावा. गणेशोत्सवात एका वाद्यवृंदात भावगीतांना साथही करायची आहे. कोणाचे ऐकू? आणि पिकची सवय लागली, तर बोटांनी वाजवण्याचा हात बिघडेल का?

उत्तर : सरांनी तुम्हाला बोटांपासून सुरुवात करून दिली हे योग्यच झाले, परंतु त्याचे त्यांनी सांगितलेले कारण काही टिकणारे नाही. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये असंख्य ध्वनिमुद्रणांना बेसची साथ करणाऱ्या कॅरल के मूळच्या गिटारवादक होत्या, त्याही चांगल्या नावाजलेल्या, आणि बेस त्या पिकनेच वाजवत. त्याच काळात डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीत जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत असत. या दोघांत श्रेष्ठ कोण हे ठरवण्याच्या फंदात कोणी पडू नये.

ड्रमरची तक्रार मात्र गांभीर्याने घ्या. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि तालमीच्या खोलीतल्या लहान स्पीकरमधून इतका खालचा स्वर धड बाहेरच पडत नाही, त्यामुळे आपला कान तो स्वर ओळखतो तो त्याच्या उपस्वरांवरून (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या, बारीक स्वरांवरून) आणि आघाताच्या पहिल्या क्षणावरून. पिकची कड अरुंद आणि कडक असल्याने तार तिच्यावरून झटक्यात सुटते व उपस्वर भरपूर उमटतात. बोटाचे मांसल टोक रुंद आणि मऊ असल्याने तेच उपस्वर दबतात आणि नाद गोल होतो. म्हणून पिक विकत घेण्याआधी उजवा हात नेकपासून (गिटारच्या लांब दांडीपासून) दूर, ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे खोक्यावर टेकतात त्या पट्टीच्या, दिशेने सरकवून पाहा आणि अँपवरचा मिड (मधल्या स्वरांचा आवाज) थोडा वाढवा. ड्रमर एवढ्यानेच गप्प होण्याची शक्यता बरीच आहे.

तरीही रॉकच्या वेगवान गाण्यांना पिक हवासा वाटला, तर खुशाल घ्या. पण मग खरी कसोटी आवाजाची नसून न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवण्याची असते, आणि शिकणारे नेमके इथेच घसरतात. बोटांनी दुसरी जाड तार छेडली, की बोट आपोआप पहिल्या जाड तारेवर येऊन विसावते व ती दबते. पातळ तारांकडे जाताना अंगठाही मागोमाग सरकून उरलेल्या तारा झाकतो. पिक हाती आला, की हा आधार जातो आणि जाड तार मागे गुणगुणत राहते, जे घरी कळत नाही पण मंचावर सगळा गोंगाट करते. त्यावर उपाय म्हणजे तळहाताची कड ब्रिजलगत तारांवर हलकी टेकवणे आणि स्वर दाबून झाल्यावर डाव्या हाताची बोटे तारेवरून पूर्ण न उचलणे. कड जरा पुढे सरकली, तर स्वर बुजतो. तो अंदाज मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकल्याशिवाय येत नाही.

भावगीतांसाठी माझे मत स्पष्ट आहे : बोटांनीच वाजवा, आणि हात नेकजवळ ठेवा. तिथे तबला ताल सांगत असतो. पिकची टकटक चाटीच्या (तबल्याच्या काठावरच्या) बोलांवर आदळते. बेसने डग्ग्याच्या घुमाऱ्याला आधार द्यावा, त्याच्याशी भांडू नये, म्हणून डग्गा जिथे मींड घेतो, म्हणजे त्याचा नाद घसरत जातो, तिथे तुमचा स्वर आखूड ठेवलेला बरा.

हात बिघडण्याची भीती अनाठायी आहे. पिकची हालचाल मनगटातून होते, बोटांची बोटांच्या सांध्यांतून, त्यामुळे एक सवय दुसरीला खात नाही. फक्त दोन्हींना रोज वेगळा वेळ द्यावा लागतो. पिक घेताना १ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा जाड घ्या, कारण गिटारचा पातळ पिक बेसच्या जाड तारेवर नुसताच वाकतो. सुरुवातीला खाली-वर असे दोन्ही आघात मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्रावर) सारख्या जोराचे येईपर्यंत एकाच तारेवर थांबा, आणि मगच दुसऱ्या तारेवर जा.