खड्ड्यात आदळून सायकलच्या रिमला पोचा आलाय, चालवली तर चालेल का?

तडा नसेल, टायर बसते ती कड बाहेर फाकलेली नसेल आणि चाकाचा आउट, म्हणजे फिरताना रिम डावी-उजवीकडे हलणे, साधारण 2 मिलिमीटरच्या आत असेल तर चालेल. तडा दिसला तर एक फेरीसुद्धा नको, रिम बदला. कारण चाक फिरताना स्पोकवरचा ताण प्रत्येक फेरीत कमी-जास्त होतो आणि अ‍ॅल्युमिनियममधला तडा त्यानेच वाढत जातो.

टायर-ट्यूब काढून रिम पुसा आणि स्पोकच्या भोकांभोवती, सांध्यावर व पोच्याच्या कडेला उजेडात नीट बघा. फाकलेली कड सगळ्यात धोक्याची: पूर्ण हवा भरल्यावर टायर तिथूनच निसटते, आणि पुढच्या चाकाचे निसटले तर सावरायला वेळच मिळत नाही. मग पोच्याजवळचे स्पोक बोटांनी दाबा. स्पोक कमी-जास्त आवळून आउट काढल्यावर चाक सरळ झाले, पण काही स्पोक ढिले आणि शेजारचे फार ताणलेले राहिले, तर रिम कायमची वाकली आहे. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पोच्यावर ते अडखळतात, आधी हळू वेगात तपासा.

हे फक्त अ‍ॅल्युमिनियमला लागू. कार्बन रिम आतून फाटलेली असूनही वरून धड दिसू शकते. तिला असा मार बसला असेल तर तपासून घेतल्याशिवाय चालवू नका.