पसारा जिथे पडतो, तिथे कपाट

गेली बावीस वर्षं फक्त राहत्या घरांची कामं करणाऱ्या एक इंटिरियर डिझायनर या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.

पहिलं काम आठवतं का?

आठवतं, आणि अजून लाज वाटते. पाच वर्षं एका आर्किटेक्टच्या हाताखाली ड्रॉइंग काढून मला वाटायला लागलं होतं की आपल्याला सगळं येतं. स्वतंत्रपणे मिळालेलं पहिलं काम एका बेडरूमचं होतं. भिंतीभर कपाट, खाली तीन ड्रॉवर. कागदावर सगळं चोख. कपाट उभं राहिलं, मिस्त्रींनी दाराच्या बाजूचा ड्रॉवर ओढला आणि तो चार इंचांवर अडला. दाराच्या चौकटीवरची पट्टी भिंतीच्या पाऊण इंच पुढे होती आणि मी ती मोजलीच नव्हती. मिस्त्री काही बोलले नाहीत. खिशातून टेप काढली, पट्टीला लावून दाखवली आणि तशीच माझ्या हातात दिली. ड्रॉवर माझ्या पैशाने नव्याने झाले.

तेव्हापासून प्रत्येक भिंत तळाशी, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजते. तीन मापं सारखी क्वचितच येतात. पटत नसेल तर कपाट करायला देण्याआधी स्वतः मोजून बघा, आणि कोपऱ्यात गुण्या, म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं साधन, तोही लावून बघा.

ओट्यापाशी अर्धा तास उभं राहिलं की पाठ धरते. ओट्याची उंची किती असावी?

कोणाच्या पाठीसाठी, ते आधी सांगा! हाताचा कोपर काटकोनात वाकवून सरळ उभे राहा. कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. चिरायला, मळायला तेवढी उंची बरी. मळताना जोर लावावा लागतो, म्हणून तिथे थोडं खाली चालतं. सिंकचं उलटं आहे. हात काम करतात ते सिंकच्या तळाशी, कडेशी नव्हे. त्यामुळे ओटा बेताचा असला तरी खोल सिंकवर माणूस वाकतोच. पाठदुखीची तक्रार आली की मी आधी सिंकची खोली मोजते.

दुसरी गोष्ट पायांची. ओट्याखालचं कपाट तळाशी तीनेक इंच आत आणि चारेक इंच उंच कापलेलं हवं. पायाचे चवडे त्या खाचेत गेले की माणूस ओट्याला चिकटून उभा राहतो. खाच नसेल तर दोन पावलं मागे उभं राहून पुढे झुकावं लागतं, आणि दोष मात्र उंचीला मिळतो.

ओटा फोडायच्या आधी एक करून पाहा. दोन इंच जाडीची लाकडी फळी ठेवून त्यावर आठवडाभर चिरा. पाठ सुधारली तर उंचीचा प्रश्न होता. सुधारली नाही तर सिंक आणि खाच बघा.

हे मोजून स्वयंपाकघर करायचं खूळ नवं नाही. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं. पावलं मोजून, वेळ मोजून, आगगाडीच्या डब्यातल्या स्वयंपाकघराचा अभ्यास करून. तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. मला ते आवडतं, पण एक खुपतं: त्यात एकच माणूस मावतो. माझ्याकडे येणाऱ्या घरांत दोघं काम करतात, एक उंच आणि एक बुटका. तिथे मी ओट्याचा एक तुकडा वेगळ्या उंचीचा करते. दिसायला थोडं विचित्र दिसतं, दिसू दे.

दुकानात क्रीम वाटलेला रंग घरी हिरवट दिसतो. रंगाऱ्याने फसवलं का?

बहुधा नाही. दुकानातला प्रकाश वेगळा, तुमच्या खोलीतला वेगळा. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळट दिवा 2700 केल्विनच्या आसपास असतो, पांढराफेक 6500 च्या. एकच रंग या दोन दिव्यांखाली दोन तऱ्हेचा दिसतो. शिवाय खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर तिचा हिरवा उजेड आत येऊन भिंतीवर पडतो. तळहाताएवढ्या कार्डावरून खोलीचा रंग ठरवू नका. दोन फुटांच्या बोर्डावर दोन हात मारा, तो बोर्ड दिवसभर या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरवा, रात्री दिवे लावूनही बघा. आणि बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त आहे ना, ते वाचा. कमी असला तर महागडा रंगही मळकट दिसतो.

पडदे नेहमी तोकडेच वाटतात.

रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच बाहेर काढा आणि रॉडच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट कापड घ्या. इथे काटकसर केली की चादर वाळत घातल्यासारखं दिसतं.

तुमची स्वतःची आवड काय? ती ग्राहकांवर लादता का?

सुरुवातीला लादायची. उघड्या फळ्या हे माझं वेड होतं. मग एका घरी वर्षाने गेले, तर फळीवरच्या बरण्यांवर चिकट धुळीचा थर आणि बाई वैतागलेल्या. आता स्वयंपाकघरात दारं असलेलीच कपाटं सुचवते. घासून गुळगुळीत झालेल्या कडांचं लाकूड आवडतं. छतभर रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या बघवत नाहीत, पण कोणी हट्टच धरला तर त्यांचं बटण वेगळं ठेवते.

आयलीन ग्रे ही आयरिश डिझायनर माझी लाडकी. तिने फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर ई-1027 नावाचं घर केलं, 1929 मध्ये पूर्ण झालं. नंतर 1938-39 मध्ये ल कोर्बुझिए या नामवंत आर्किटेक्टने तिला न विचारता तिथल्या भिंतींवर चित्रं रंगवली. तिला ते मुळीच रुचलं नाही. एवढा मोठा माणूस, तरी दुसऱ्याची भिंत दिसली की त्याचा हात शिवशिवला! माझा शिवशिवतो तेव्हा मी त्या घरात पसारा कुठे पडतो ते बघायला जाते. चाव्या, पिशव्या, चार्जर रोज जिथे टाकले जातात तिथेच खण करते. माणसांना दहा पावलं पलीकडच्या सुंदर कपाटापर्यंत पाठवून काही उपयोग नसतो.

मला या क्षेत्रात यायचंय, पण चित्रकला येत नाही.

माझीही बेताचीच आहे. महिनाभर खिशात टेप ठेव. जिथे बसशील तिथे खुर्चीची उंची आधी अंदाजाने सांग आणि मग मोज. जिन्याची पायरी, दाराची रुंदी, दोन खुर्च्यांमधली वाट, सगळं वहीत उतरव. अंदाज आणि माप शेजारी शेजारी लिही. माझी पहिली वही अजून आहे. त्यात बसायच्या खुर्चीची उंची मी 24 इंच लिहिलीये आणि पुढे खरं माप, साडेसतरा.