शिवणकामातून वर्षाला दीड लाख मिळतात, बाकी सगळं नवऱ्याच्या नावावर. गोव्यात मला आयकर रिटर्न भरावं लागेल का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकदा मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब कळेल. तुम्ही फोंड्याला राहता, घरी शिवणकाम करता, खर्च वजा जाता वर्षाला दीड लाख सुटतात. नवरा वेर्ण्याला कंपनीत, पगार नऊ लाख. दोन फ्लॅटचं मिळून महिन्याला ५५ हजार भाडं आणि ठेवींचं वर्षाला २ लाख २० हजार व्याज, हे दोन्ही त्यांच्या खात्यात येतं. शेजारीण म्हणते, बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, तुला कशाला हवंय रिटर्न?

तुम्हाला भरावं लागेल. शेजारणीचं अर्धं बरोबर आहे. टॅक्स लागणार नाही, पण टॅक्स न लागणं वेगळं आणि रिटर्न न लागणं वेगळं. बारा लाखांचा आकडा सवलतीचा. कर मोजण्याच्या नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून त्या मर्यादेपर्यंत जो कर निघतो तो कलम ८७अ खाली माफ होतो. रिटर्न भरायचं की नाही हे ठरतं दुसऱ्या आकड्यावर, आणि तो आहे चार लाख. जुनी पद्धत निवडली तर अडीच लाख (साठीनंतर तीन, ऐंशीनंतर पाच). त्यातही ८०क वगैरे वजावटी घेण्याच्या आधीचं उत्पन्न बघायचं. ‘एलआयसी आणि पीपीएफ धरून मी मर्यादेच्या खाली येतो’ असं सांगणारे दर जुलैत माझ्यासमोर बसलेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, माझे तर दीडच लाख, चार कुठून झाले? इथे गोवा आडवा येतो.

आपल्याकडे लग्न झालं की वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. पोर्तुगीज काळापासूनचा कायदा. आयकर कायद्याने त्याच्यासाठी कलम ५अ ठेवलंय, गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीसाठी. (कलमात ‘१८६०ची पोर्तुगीज नागरी संहिता’ असं छापलंय. संहिता खरं तर १८६७ची. इतकी वर्षं ते कुणी दुरुस्त केलेलं नाही.) कलम सांगतं ते एवढंच: पगार ज्याचा त्याचा, बाकी प्रत्येक प्रकारचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. भाडं, व्याज, धंद्याचा नफा, जमीन विकून झालेला फायदा, सगळं. पावती कुणाच्या नावे फाडली, पैसे कुणाच्या खात्यात आले, याला किंमत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यातही ही तरतूद आहे. तुमचं २०२५-२६चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याखाली जाईल.

हे मला कायदा वाचून कळलं असं समजू नका. माझं लग्न २०११चं. डिचोलीच्या बाजारात माझ्या नावावर एक गाळा होता, त्याचं सगळं भाडं मी माझ्याच रिटर्नमध्ये दाखवायचो, ‘सहज’ हा सगळ्यात सोपा रिटर्न फॉर्म भरून. तीन वर्षं. बायकोकडे पॅनही नव्हतं. मग ज्यांच्याकडे मी काम शिकत होतो ते म्हणाले, “दुसरी सही कुठे केलीस?” गोव्यात लग्नाची नोंद दोन सह्यांची असते, पहिली इराद्याची, दुसरी पक्की. म्हटलं, इथेच, डिचोलीला. “मग अर्धं भाडं तिचं. लोकांची रिटर्नं भरतोस आणि स्वतःचंच चुकीचं?” त्या दिवशी मान वर करवली नाही.

तर तुमचा हिशेब. भाडं वर्षाचं ६ लाख ६० हजार. घरपट्टी सोयीसाठी १० हजार धरतो, ती गेली की साडेसहा लाख. त्यातून देखभालीचे म्हणून ३० टक्के कायदाच वजा करू देतो, बिलं दाखवावी लागत नाहीत. राहिले ४ लाख ५५ हजार. अर्धे तुमचे, २ लाख २७ हजार ५००. व्याजाचे अर्धे १ लाख १० हजार. शिवणकामाचे दीड लाख, पण तेही अर्धेच तुमचे, ७५ हजार. (तुमच्या शिलाई मशीनचे ७५ हजार नवऱ्याच्या उत्पन्नात जातात, हे त्यांना जरा प्रेमाने सांगा.) बेरीज ४ लाख १२ हजार ५००. चार लाखांच्या वर साडेबारा हजार. कर निघतो सव्वासहाशे, तो माफ. रिटर्न मात्र सक्तीचं.

यात तुमचं नुकसान काहीच नाही, उलट घराचा फायदा आहे. भाडं आणि व्याज सगळं नवऱ्याने एकट्याने दाखवलं तर पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची ठरावीक वजावट जाऊन त्यांचं उत्पन्न पंधरा लाख होतं आणि उपकरासह १ लाख ९ हजार २०० रुपये कर बसतो. कायद्याप्रमाणे विभागलं तर त्यांचं उत्पन्न १२ लाख ३७ हजार ५००. बारा लाखांच्या थोडं वर गेलेल्यांना, वरच्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ नये म्हणून जी सूट असते, तिच्यामुळे कर ३७,५०० आणि उपकर धरून ३९ हजार. सत्तर हजारांचा फरक! कंपनीतल्या पगार विभागाला हे ठाऊक असेलच असं नाही, भाडं-व्याज कळवलंच तर ते सरळ सगळं नवऱ्याच्याच नावावर धरून टीडीएस, म्हणजे हातात पैसे यायच्या आधीच कापला जाणारा कर, कापून मोकळे होतात.

दोघांनाही ‘सहज’ चालणार नाही, ५अ लागू असणाऱ्यांसाठी तो फॉर्म नाहीच. आयटीआर २, किंवा धंद्याचं उत्पन्न असेल तर ३. त्यात ‘शेड्यूल ५अ’ असतं, तिथे जोडीदाराचं नाव, पॅन आणि प्रत्येक प्रकारातला अर्धा वाटा भरायचा. व्याजावर बँकेने कापलेला टीडीएसही त्याच तक्त्यात निम्मा होतो. दोघांच्या रिटर्नमधले आकडे जुळले पाहिजेत, म्हणून एकाच बैठकीत, एकाच माणसाकडून भरून घ्या. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला असेल तर यातलं काहीच लागू नाही, मग तुमचे दीड लाख तुमचे आणि रिटर्नची सक्ती नाही. तो कागद आहे का, हे आधी बघा.

उत्पन्न चार लाखांच्या आत असूनही रिटर्न लागतं अशा काही गोष्टी आहेत. वर्षाचं विजेचं बिल एक लाखावर गेलं, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या परदेश प्रवासावर दोन लाखांहून जास्त खर्च केला, बचत खात्यांत वर्षभरात पन्नास लाख भरले, टीडीएस-टीसीएस मिळून पंचवीस हजार झाला (ज्येष्ठांना पन्नास), धंद्याची उलाढाल साठ लाखांवर गेली, की भरायचं. प्रवासाच्या कलमात आपली माणसं फार सापडतात. लेक लिस्बनला, तिकडे जाऊन यायचा दोन लाखांवरचा खर्च आईने केला, उत्पन्न काही नाही आणि रिटर्न मात्र लागू. परदेशात खातं किंवा मालमत्ता असलेल्या निवासी माणसाला तर उत्पन्न शून्य असलं तरी सुटका नाही.

कुळागराचं उत्पन्न, म्हणजे सुपारी-नारळाचे पैसे, करमुक्त. तेवढंच असेल तर रिटर्न नको. तारवटींचं, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांचं, गणित जहाजावर किती दिवस होते त्यावर चालतं, तो वेगळाच विषय आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज असेल तर बँकेत एक घोषणापत्र दिलं की बँकच कर कापते, रिटर्न नको.

मुदत एरवी ३१ जुलै, पण तुमच्या रिटर्नमध्ये धंद्याचं उत्पन्न आहे म्हणून तुम्हाला ३१ ऑगस्ट. २०२५ मध्ये ती सप्टेंबरपर्यंत वाढली होती, त्या आशेवर राहू नका. उशीर झाला तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण शुल्क पडतं. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर हजार, नाहीतर पाच हजार.

माझं काम म्हापशात, त्यामुळे शुक्रवारी बाजाराला आलेल्या बायका पिशवीतून मयड्याच्या केळ्यांखालचा फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, काढून टेबलावर ठेवतात. तुम्ही येताना बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, भाडेकरार, घरपट्टीची पावती आणि दोघांचे पॅन घेऊन बसा. आणि तुमचा मोबाईल तुमच्या आधारला जोडलेला आहे ना, ते बघा. रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत ओटीपीने पडताळणी करावी लागते. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी रात्री साडेदहाला एकीचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर गेला आणि तो रात्रपाळीला, फोन लॉकरमध्ये.