प्राणिशास्त्राची पदवी नाही, पण सुट्टीच्या दिवशी पुण्यात वन्यजीवांच्या अभ्यासाला हातभार लावायचाय. सुरुवात कशी करू?

पदवी लागत नाही. चिकाटी लागते. घराजवळची एकच जागा धरा, वेताळ टेकडी म्हणा किंवा पाषाण तलाव, आणि दर आठवड्याला तिथेच जा. पंधरा मिनिटं थांबून दिसलेले सगळे पक्षी मोजून ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, टाका. सगळे म्हणजे कावळे-साळुंक्यासुद्धा! लोक नेमके तेच वगळतात, आणि मग नेहमीचे पक्षी कमी होत चाललेत हे कळायला मार्गच उरत नाही. किडे, सरडे, झाडं यांचे फोटो आयनॅचरलिस्टवर, ते सगळ्याच सजीवांच्या नोंदींसाठीचं संकेतस्थळ.

अधिवासाचीही नोंद ठेवा. गवत किती उंच, वणवा लागून गेलाय का, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया हे बाहेरून आणलेलं झाड) किती पसरलंय. पुण्याचा खरा ठेवा माळरान आहे, आणि त्यालाच आपण पडीक म्हणतो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा उघड्या गवताळ माळावरच जगते. तिथे दाट झाडी लावणं म्हणजे तिचं घर मोडणं. मला हे पटलं ते टिटवीमुळे. डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती म्हणून जागीच थांबलो, तर बुटापासून हातभर अंतरावर खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी. खडे कुठले नि अंडी कुठली, ओळखू येईना.

घरट्याचं नेमकं ठिकाण मात्र कुणालाही कळवू नका, फोटोसाठी गर्दी होते.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना असते, तेव्हा नक्की उतरा. हिवाळ्यात पहाटे पुण्याजवळ मुळा-मुठेकाठी कवडीपाटला जा, चक्रवाक बदकं दिसतील.