पाठीचा कणा बाजूला वाकतो (स्कोलिओसिस), त्यासाठी धडाला घालायचं ते कडक कवच, म्हणजे ब्रेस, तुला नवा आहे ना?

अगं, कण्याचा बाक 28 अंश आहे हे ऐकून घाबरू नकोस. वाढीच्या वयात 25 ते 40 अंशांच्या बाकाला बहुधा ब्रेसच देतात. बाक आणखी वाढू नये म्हणून. तेव्हा ब्रेस घालायचे ठरलेले तास चुकवू नकोस. मी चुकवले, लोकलमध्ये बायका बघायच्या म्हणून, आणि पुढच्या एक्स-रेत बाक वाढलेला निघाला. फार रडले होते.

मुंबईच्या घामात खरा त्रास कातडीला. आत बिनशिवणीचा सुती बनियन घाल, कमरेच्या हाडावर सुरकुती राहू देऊ नकोस, दुपारी बनियन बदल. ब्रेसखाली क्रीम नको, कातडी मऊ पडते. काढल्यावर अर्ध्या तासानंतरही लाल डाग राहिला, तर ऑर्थोटिस्टला, म्हणजे ब्रेस बनवून बसवणाऱ्याला, दाखव. पट्टा आपल्या मनाने सैल करू नकोस. आणि आईला सांग, हा बाक दप्तराने येत नाही. ती उगाच स्वतःला दोष देत असेल.