पाच सीडींचा गेम आणि अठ्ठ्याहत्तर हजारांचा लॅपटॉप

प्रश्न: मी ३६ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. हातात ५२,००० येतात. बायको घरी शिकवण्या घेते, त्याचे साधारण ९,०००. घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ४५,०००. एसआयपी ५,०००, भिशी ३,०००, पतसंस्थेत आरडी २,०००. सेव्हिंगला ४०,००० आहेत. सातवीत असताना मामेभावाकडं ‘बाल्डर्स गेट’ नावाचा गेम खेळायचो. पाच सीडी होत्या. तिसरीवर ओरखडा पडला आणि गेम तिथंच थांबला. आता सेलमध्ये तसले जुने अकरा रोल-प्लेइंग गेम (एखादं पात्र होऊन गोष्ट खेळायची असे) बाजूला काढून ठेवलेत, ४,६२० रुपये होतात. ते खेळायला ७८,००० चा गेमिंग लॅपटॉप बघितलाय: बोनसचे ३०,००० आधी, उरलेले ४,००० चे बारा हप्ते, नो-कॉस्ट ईएमआय. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गेमला पैसे मोजणं शहाणपणाचं आहे का? मित्र म्हणतो, फुकट डाउनलोड होतात.

(मेल इथं थोडक्यात दिलाय. त्याच्या शेवटी एक ओळ आणखी होती: ‘यांना एकदा तुम्हीच सांगा. – सौ.’)

उत्तर:

नमस्कार. प्रश्न विचारलाय ४,६२० रुपयांचा आणि सही करायचीय ७८,००० वर. असं माझ्याकडं आठवड्यातून एकदा तरी घडतं. कुणी गाडीच्या सीट कव्हरबद्दल विचारतं आणि बोलता बोलता कळतं, की गाडीच अजून घ्यायचीय. म्हणून आधी लॅपटॉपचं बघू, म्हणजे गेमबद्दल मोकळेपणानं बोलता येईल.

तुमच्या यादीतले बहुतेक गेम १९९७ ते २००३ मधले आहेत. त्या काळच्या कॉम्प्युटरच्या ताकदीला आज आपण कॅल्क्युलेटर म्हणू. त्यांच्या सुधारित आवृत्त्यासुद्धा साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना चालतात. शिकवण्यांच्या नोट्स टाइप करायला घरात जो आठ वर्षांचा लॅपटॉप आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यावर यादीतला बहुतेक माल चालावा. प्रत्येक गेमच्या पानावर किमान काय लागतं ते दिलेलं असतं, तेवढं ताडून बघा. जुन्या गेमचा हाच तर मोठा आर्थिक फायदा आहे, आणि तुम्ही नेमका तोच घालवायला निघालाय.

राहिला नो-कॉस्ट ईएमआय. व्याज असतंच; दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते म्हणून ते दिसत नाही. क्रेडिट कार्डावर हप्ते केलेत तर त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी बँक तुमच्याकडूनच घेते, वर प्रोसेसिंग फी. रक्कम फार मोठी नाही, मान्य. पण माझा आक्षेप दुसरीकडं आहे. तुमच्याच आकड्यांनी ६१,००० मधून सगळं जाऊन महिन्याला ६,००० उरतात. हप्त्यानंतर उरणार २,०००. जूनमध्ये मुलीची शाळेची फी आली की ते २,००० कुठं राहतात?

आणि हाताशी रक्कम ४०,०००, म्हणजे एका महिन्याच्या खर्चाइतकीही नाही. कोल्हापूरकराला आणीबाणीचा निधी म्हणजे काय हे समजवावं लागू नये. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा पंचगंगेच्या अलीकडं किती माणसं कामावर जाऊ न शकता बसली होती ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय. तीन महिन्यांचा खर्च धरला तर तुमचे १,३५,००० बाजूला हवेत. बोनसचे ३०,००० त्यात टाका, ७०,००० होतील. तुमच्या भिशीत बारा जण आहेत आणि नंबर एप्रिलमध्ये लागेल असं लिहिलंय, म्हणजे ३६,००० येतील. तेही तिथंच ठेवा. सोफा बदलायला नको. १,०६,००० झाले. उरलेलं महिन्याच्या शिल्लकेतून पाच-सहा महिन्यांत भरून निघेल. हे झालं की लॅपटॉपचा विषय पुन्हा काढा, मी नाही म्हणणार नाही.

आता गेम. मी या बाबतीत अडाणी. आमच्या पिढीचा नाद म्हणजे खासबागेत कुस्ती आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉल. म्हणून उत्तर लिहायच्या आधी राजारामपुरीत भाच्याकडं दोन रात्री बसलो आणि त्यानं मला तुमचा बाल्डर्स गेटच लावून दिला. १९९८ चा गेम. सुरुवातीला एका किल्ल्यासारख्या मठात आपण असतो, कॅन्डलकीप त्याचं नाव. तिथला एक म्हातारा कोठारातले उंदीर मारायला लावतो आणि मोबदला देतो पाच सोन्याची नाणी. पहिली कमाई! मग कळतं की पाठीवरच्या ओझ्याला मर्यादा आहे. मी लोभानं सापडेल ती ढाल-तलवार उचलत गेलो, तर माझा गडी आधी संथ झाला आणि मग जागचा हलेना. भाचा हसून म्हणाला, ‘मामा, तुमच्या क्लायंटसारखं झालंय.’

पण मला खरा धक्का बसला तो गोष्टीचा. त्या मुलखात लोखंडाचा तुटवडा आहे, आणि जे लोखंड मिळतं तेही ठिसूळ. चालू लढाईत हातातली तलवार मोडते. सगळं कथानक त्या नासलेल्या खनिजाभोवती फिरतं. दिवसभर कास्टिंगमधले ब्लो होल (गॅसच्या पोकळ्या) बघून लॉट रिजेक्ट करणाऱ्या माणसाला हा गेम पंचवीस वर्षं सोडवत नाही, यात नवल काही नाही.

तर पैसे मोजावेत का? मोजावेत. कशासाठी मोजतोय ते मात्र नीट बघा. गेम बनवायचा खर्च कधीच वसूल झालाय. तुमचे पैसे जातात तो गेम आजच्या मशीनवर चालवून देण्याला. जुन्या सीडी आज लावल्या तर बऱ्याच उघडतच नाहीत, कारण त्यातल्या काहींवर जे कॉपी-लॉक होतं त्याला विंडोज १० पासून आधारच उरलेला नाही. बाल्डर्स गेटची सुधारित आवृत्ती २०१२ ला आली, दुसऱ्या भागाची २०१३ ला, ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ची २०१७ ला. कुणीतरी बसून ते जुनं कोडिंग उसवलं, नव्या स्क्रीनला बसवलं. त्या कामाची ही मजुरी आहे. आणि सगळ्यांचं नशीब असं नसतं. अमेरिकेत जुन्या गेमचा इतिहास जपणाऱ्या एका संस्थेनं २०२३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा २०१० च्या आधी तिथं निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात विकतच मिळत नव्हते. तुमची यादी त्या उरलेल्या तेरात आहे.

फुकट डाउनलोडबद्दल नीतीचं व्याख्यान देत नाही. आपल्याकडं शंभर रुपयांच्या कॉपी सीडीवरच सगळे वाढलेत, तुमची ती तिसरी सीडीही बहुधा त्यातलीच. पण ज्या लॅपटॉपवर नेटबँकिंग उघडता, त्यावर कुणा अनोळखी माणसानं ‘क्रॅक’ केलेली फाइल अँटीव्हायरस बंद करून चालवायची, तेही चारशे रुपये वाचवायला? खरोखर कायदेशीर फुकटचं हवं असेल तर तेही आहे. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतले पहिले दोन, ‘अरीना’ आणि १९९६ चा ‘डॅगरफॉल’, कंपनीनंच फुकट करून टाकलेत. १९८५ चा ‘अल्टिमा ४’ सुद्धा जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे न देता मिळतो. मी तर म्हणतो, एक पैसाही खर्चायच्या आधी महिनाभर डॅगरफॉल खेळून बघा. ओबडधोबड आहे, चालताना भिंतीत अडकायला होतं. तरी रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडावासा वाटला तर नाद खरा. नाही वाटला, तर तुम्हाला गेम नको होता, सातवीतली सुट्टी हवी होती, आणि ती कुठल्याच सेलमध्ये नाही.

आता त्या अकराच्या यादीवर येऊ, कारण माझा मतभेद इथं आहे. तुम्ही हिशोब असा मांडलाय की साठ तासांचा गेम चारशे रुपयांना म्हणजे तासाला सात रुपये, आणि तिघांनी सिनेमाला जाऊन पॉपकॉर्न खाल्लं तर तीन तासांचे नऊशे. हिशोब बरोबर आहे, पण तो साठच्या साठ तास खेळणाऱ्याचा आहे. मुलगी दहाला झोपते, तुम्ही सहाला उठता, शनिवारी हाफ डे. आठवड्याला चार तास मिळाले तरी खूप. अकरा गेमचे सरासरी पंचेचाळीस तास धरले तर ४९५ तास. चारानं भागा: १२४ आठवडे. म्हणजे दोन वर्षं आणि वर साडेचार महिने पुरेल एवढा माल तुम्ही आज, तीन दिवसांच्या सेलच्या घाईत, भरून ठेवणार. आणि गंमत म्हणजे हे सेल वर्षातून कितीतरी वेळा येतात. स्टीम या गेमच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाचा तर जूनअखेरीस, दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि नाताळात ठरलेलाच. जुना गेम काही महाग होत नाही. लक्ष्मीपुरीत धान्य स्वस्त झालं म्हणून वर्षाचं भरतो ते ठीक, कारण ते खाल्लंच जातं. न उघडलेला गेम तासाला सात रुपयांचा नसतो, चारशेचा असतो.

तेव्हा सरळ सांगतो. यादीतला एकच घ्या, आणि तो कुठला हे सांगायला सल्लागार लागत नाही. तो संपला, किंवा कंटाळून मनापासून सोडला, की दुसरा. महिन्याला ५०० रुपये वेगळे काढा, नादाचे म्हणून. उरले तर पुढं सरकवा. वर्षाचे सहा हजार होतात, तुमच्या ४,६२० पेक्षा जास्तच. म्हणजे मी तुमचं बजेट कापत नाही, वाढवतोय. वहिनी, हे तुम्हालाही सांगून ठेवतो, आणि तेवढेच ५०० तुमच्या नावानंही काढायचे, कशाला खर्चले हे कुणी विचारायचं नाही.

वहिनींची भीती मला कळते. ‘गेममध्ये पैसे गेले’ म्हटलं की शेजारच्या कुणाचा तरी रमीत बुडालेला पगार आठवतो. तो प्रकार वेगळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदाच केला. हे जुने गेम एकदा विकत घेतले की पुन्हा पैसे मागत नाहीत. सोनं मिळवायचं ते गेमच्या आतच. बाल्डर्स गेटच्या दुसऱ्या भागात म्हणे एका मैत्रिणीला सोडवायला वीस हजार नाणी जमवावी लागतात, आणि लोक ती एकेक काम करून जमवतात. ईएमआयची सोय तिथं नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. स्टीमवर बिल रुपयात येतं, यूपीआय चालतं. घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. जिथं बिल डॉलरमध्ये येतं तिथं बहुतेक कार्डं दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे वरचं शुल्क, लावतात, त्यावर जीएसटी. शिवाय कार्डाचा परदेशी व्यवहार आधी ॲपमधून चालू करावा लागतो. काम झालं की बंद करा.

दुसरी गोष्ट नॉमिनीची सवय असलेल्या माणसाला खटकेल. स्टीमवर तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता. तो विकता येत नाही, खातं मुलीच्या नावावर करता येत नाही. जीओजीवर निदान गेमची इन्स्टॉल फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येते, दुकान बंद झालं तरी ती चालते. सारखीच किंमत असेल तर मी तिकडून घेईन. तुमच्या मित्राचं ते ‘जुने सीलबंद गेम गुंतवणूक म्हणून घे’ मात्र विसरा. २०२१ ला अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ ची एक सीलबंद प्रत १५.६ लाख डॉलरला गेली हे खरं आहे. पण गुजरीत पाच ग्रॅमचं वळं मोडायला दहा मिनिटं लागतात; तुमचं खोकं घेणारा महाद्वार रोडला कोण भेटणार?

तर बोनस एफडीत, एक गेम घरच्या लॅपटॉपवर, आणि माउस मात्र चांगला घ्या, सहाशे-सातशेचा. भाच्याच्या टचपॅडवर माझं मनगट दुखून आलं. मी अजून खाणीच्या तोंडाशीच आहे. लोखंड का ठिसूळ झालं ते भाचा सांगत नाही. तुम्ही माझ्या आधी आत पोचलात तर मेल करा, पण शेवट लिहू नका.